एमआरआयमध्ये गाठ निघाली, आता? सोलापूरकरांसाठी थोडं मार्गदर्शन

दादाला पहिली फिट आली ती नव्या पेठेतल्या दुकानात, दुपारी, गिऱ्हाइकासमोर चादर उलगडताना. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी पायातली चप्पल काढून नाकाला लावली. संध्याकाळी एमआरआय झाला. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'ग्लायोमा', आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाकडे घरातल्या कुणाचंच लक्ष गेलं नाही. पुतण्याने रात्री मोबाईलवर शोधलं आणि पहिल्याच पानावर आयुष्याचा आकडा सापडला, सुमारे पंधरा महिने. वहिनीने तो वाचला. पुढचे अठरा दिवस आमच्या घरात गॅस पेटत होता तो केवळ पोरांसाठी.

अठराव्या दिवशी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २. ते पंधरा महिने ग्लायोब्लास्टोमा नावाच्या दुसऱ्याच गाठीचे होते. दादाच्या प्रकारच्या गाठीत उपचारांनंतर दहा वर्षांहून जास्त जगणारे पुष्कळ असतात. इंटरनेटने खोटं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते खरंच होतं, पण दुसऱ्याच्या आजाराबद्दल.

याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या घरून मला एमआरआयचा फोटो येतो, बहुतेक वेळा ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला, फिल्मच्या कडेला धरणाऱ्याचा अंगठा. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत क्लार्क आहे. फोनवर सांगते तेच इथे क्रमाने लिहिते.

पहिले दोन-तीन दिवस: शोधाशोध बाजूला ठेवा

आधी एवढंच बघा की पेशंट सुरक्षित आहे. पहाटे उठताना डोकेदुखी वाढत चाललीय, सोबत उलट्या, पेशंट झोपाळू होत चाललाय, हाक मारली तर नीट ओ देत नाही, एका बाजूचा हातपाय लुळा पडतोय, फिटमागून फिट येतेय, यातलं काहीही असेल तर गूगल करत बसू नका, थेट दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. कवटी म्हणजे बंद डबा. आत सूज वाढली तर तिला जायला जागा नसते, आणि अशा वेळी तास मोजावे लागतात.

फिट आली तर काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना, अगदी दहा वर्षांच्या पोरालाही, आजच शिकवून ठेवा. पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, आजूबाजूचा स्टूल, कात्री, गरम चहा लांब करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल यांचा काडीचा उपयोग नाही. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर ॲम्ब्युलन्स. आणि फिट येऊन गेलेल्या माणसाने डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही. दादाची स्कूटरची किल्ली वहिनीने डाळीच्या डब्यात लपवली होती.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. फिटची गोळी एक वेळही चुकवायची नाही. आणि सूज उतरवायला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात, ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ओळखीतल्या एका घरी मामांनी 'स्टेरॉइड वाईट' म्हणून ती पट्टीच कचऱ्यात टाकली, आणि तिसऱ्या दिवशी पेशंट उठून बसेना. डेक्सामुळे साखर वाढते, झोप उडते, भूक भलतीच लागते, चिडचिड होते. दादा रात्री दोन वाजता उठून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसायचा. हे गोळीमुळे होतंय हे कळलं तेव्हा घरातली निम्मी भांडणं थांबली. ती कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

फाईल

हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, जो नीटनेटका असेल. मोठा नसला तरी चालेल. आमच्याकडे कॉलेजातली पुतणी होती.

कप्प्यांची प्लॅस्टिकची फाईल घ्या. तारखेप्रमाणे लावा: केसपेपर, एमआरआयचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी. प्रत्येक कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची.

आता एमआरआय. सेंटरवाले फिल्म आणि टाईप केलेला रिपोर्ट देतात, पण दुसऱ्या डॉक्टरला खरी उपयोगी पडते ती सीडी किंवा पेन ड्राइव्ह, ज्यात सगळे फोटो डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपात असतात. ती मागून घ्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पाहून कुणी मोठा सर्जन मत देत असेल तर त्या मताची किंमत त्या फोटोएवढीच समजा.

बायोप्सी झाली की लॅबमध्ये दोन वस्तू राहतात. काचेच्या स्लाइड, आणि मेणाचे ब्लॉक, ज्यांत गाठीचा तुकडा बसवलेला असतो. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या ब्लॉकवर होतात. दुसऱ्या मताला गेलात की पहिला प्रश्न हाच येतो, ब्लॉक आणलेत का? आमचा ब्लॉक मिळवायला मी एका लॅबच्या तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा 'साहेब नाहीत', दुसऱ्यांदा 'सापडत नाही', तिसऱ्यांदा खालच्याच ड्रॉवरमध्ये निघाला. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. ब्लॉक पोस्टाने पाठवू नका, हातात घेऊन जा. आणि एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

गाठीचं पूर्ण नाव

इथे थोडा वेळ काढा, कारण पुढची सगळी माहिती या नावाला लटकलेली आहे. 'ब्रेन ट्यूमर' हे आजाराचं नाव नव्हेच. शंभराहून जास्त प्रकारच्या गाठींना मिळून आपण तसं म्हणतो.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये रेडिओलॉजिस्टचा अंदाज असतो. 'स्पेस ऑक्युपाइंग लिजन' म्हणजे जागा अडवणारं काहीतरी. 'मास इफेक्ट' आणि 'मिडलाइन शिफ्ट' म्हणजे त्या अडवण्यामुळे शेजारचा मेंदू किती ढकलला गेलाय. खाली दोन-तीन शक्यता लिहिलेल्या असतात आणि त्यांपुढे प्रश्नचिन्ह. आपल्याकडे तर टीबीची गाठ आणि मेंदूत गेलेल्या फीतकृमीची गाठसुद्धा स्कॅनवर ट्यूमरसारखी दिसू शकते, आणि त्या दोन्हींवर औषधं आहेत. म्हणून एमआरआयच्या शब्दांवरून आयुष्याचे आकडे शोधू नका.

गाठ मेंदूतच उगवली की शरीरात दुसरीकडून आली, हा पहिला फरक. फुप्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरमधून मेंदूत गाठ येऊ शकते. डॉक्टर छातीचा सीटी सांगतात तेव्हा 'डोक्याचा आजार, छातीचा फोटो कशाला, पैसे काढायला' असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. कारण हे आहे.

मेंदूतच उगवलेल्यांत नेहमी कानावर येणारी नावं अशी. मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा ग्रेड १, सावकाश वाढणारी; लहान असेल आणि त्रास नसेल तर नुसतं दर काही महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवतात. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी; तिच्या गाठी बऱ्याचदा नाकातून काढतात, आणि त्यातल्या प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढवणाऱ्या गाठीला तर अनेकदा गोळ्याच पुरतात. म्हणून पिट्युटरीची गाठ निघाली आणि हार्मोनच्या रक्ततपासण्या न करताच कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर तपासण्यांचं आधी विचारा. मग ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठींचं मोठं कुटुंब: ॲस्ट्रोसायटोमा, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्लायोब्लास्टोमा.

'कितवी स्टेज आहे?' हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. मेंदूत उगवलेल्या गाठींना साधारणपणे स्टेज लावत नाहीत, ग्रेड असते, १ ते ४. ग्रेड म्हणजे गाठीचा स्वभाव किती आक्रमक, ती किती पसरली ते नव्हे. आणि 'बिनाइन' शब्दाने हुरळून जाऊ नका. मेंदूत साधी गाठही चुकीच्या जागी बसली तर दृष्टी घेऊ शकते.

ग्लायोमा असेल तर रिपोर्टात आणखी काही अक्षरं शोधा: आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींचं पाचवं वर्गीकरण काढलं. त्यात प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमाचं नाव ठरवताना या जनुकीय खुणा बघाव्याच लागतात. दादाच्या गाठीत आयडीएच हे जनुक बदललेलं होतं आणि १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गेलेले होते. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणायला हे दोन्ही लागतं. एमजीएमटीवरून ग्लायोब्लास्टोमात टेमोझोलोमाइड नावाच्या केमोच्या गोळीचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज येतो. रिपोर्टात ही नावं नसतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'मॉलिक्युलर टेस्ट झाली का, झाली नसेल तर या ब्लॉकवर होईल का?'

याचा एक साधा फायदा वाचताना होतो. नव्या पद्धतीत ग्रेडचे आकडे साधे लिहितात, पूर्वी रोमन लिहायचे. एखाद्या पानावर रोमन आकडे दिसले तर मजकूर जुना असण्याची शक्यता धरा. पूर्वी 'आयडीएच बदललेला ग्लायोब्लास्टोमा' म्हणत ती गाठ आज ग्लायोब्लास्टोमात मोजतच नाहीत, तिला ग्रेड ४ ॲस्ट्रोसायटोमा म्हणतात. म्हणजे २०१५ सालचा लेख प्रामाणिक असूनही तुमची दिशाभूल करू शकतो.

आणि ते पंधरा महिने. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटचा तो मधला आकडा होता. मधला म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधी गेले, निम्मे त्याच्यापुढे जगले, काही बरेच पुढे. तुमच्या माणसाची गाठ तीच असली तरी तो आकडा म्हणजे त्याच्या नावाची तारीख नव्हे. वय, गाठीची जागा, ऑपरेशनमध्ये किती निघाली, जनुकीय खुणा, यावर ते फिरतं. हा आकडा ऐकायचा की नाही हे पेशंटला ठरवू द्या. दादाने सहा महिने विचारला नाही, मग एका रविवारी पोहे खाता खाता विचारला.

डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

ओपीडीत दहाच मिनिटं मिळतात आणि त्यातली चार आपण रडण्यात आणि 'साहेब, बरा होईल ना' विचारण्यात घालवतो. प्रश्न घरून लिहून न्या. आम्ही कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहायचो.

गाठीचं पूर्ण नाव आणि ग्रेड काय, तुमच्या अक्षरात लिहून द्या. ऑपरेशनने सगळी काढता येईल का, नसेल तर का? बोलणं, हात, नजर यांना कितपत धोका? आठवडाभर थांबलो तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. 'थांबू नका' असं उत्तर आलं तर मुंबईचा विचार सोडा आणि इथेच करून घ्या, सोलापुरात न्यूरोसर्जन आहेत. 'चालेल' म्हणाले तर दुसरं मत घ्यायला वेळ आहे. असे ऑपरेशन तुम्ही किती केलेत, हेही विचारता येतं. चांगला सर्जन चिडत नाही. आम्ही भेटलेल्यांपैकी एकजण चिडले होते. आम्ही परत गेलो नाही.

दोघांनी आत जा, एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा.

सोलापुरातली एक खास अडचण भाषेची. आमच्या शेजारच्या बेडवर पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराची बायको होती, घरी तेलुगू बोलणारी. डॉक्टर हिंदीत सांगत होते आणि ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. नंतर मला हळूच विचारलं, 'ताई, डोकं उघडणार म्हणाले का?' घरात तेलुगू किंवा कन्नड असेल तर समजावून सांगणारं आपलं माणूस सोबत असू द्या, आणि संमतीपत्रावर अंगठा किंवा सही त्यानंतरच. बोलण्याच्या भागाजवळ गाठ असेल आणि पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करायचं ठरलं, तर तो घरी कोणती भाषा बोलतो हे सर्जनला आधी सांगा. ऑपरेशन चालू असताना त्याच्याशी बोलून तपासतात, आणि दोन भाषांच्या जागा मेंदूत थोड्या वेगळ्या असू शकतात.

कुठे वाचायचं

पूर्ण नाव हातात आलं की शोधा, त्याआधी नाही. नाव इंग्रजी स्पेलिंगने, ग्रेडसकट टाका. मराठीत या विषयावर खोलात लिहिलेलं फार कमी मिळतं, हे कबूल करायला हवं. घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या पोराला कामाला लावा आणि त्याला रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचू देऊ नका.

टाटा मेमोरियलची वेबसाइट, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पेशंटसाठीची पानं आणि ब्रिटनच्या ब्रेन ट्यूमर चॅरिटीची माहिती वाचण्यासारखी. परदेशी पानांवरचे औषधांचे दर आणि सोयी आपल्याला लागू नाहीत, आजाराची माहिती लागू आहे. आपल्याकडची ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था पेशंट आणि नातेवाइकांसाठी काम करते. क्लिनिकल ट्रायलबद्दल कुणी सांगितलं तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदलेली आहे का ते बघा. 'ट्रायल आहे, दोन लाख भरा' असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या.

आता व्हॉट्सॲप. व्हिडिओ आला की मी तीन गोष्टी बघते. बोलणारा कोणत्या गाठीबद्दल बोलतोय ते सांगतोय का? शेवटी काही विकतोय का? आणि 'डॉक्टरांना हे सांगायचं नसतं' हे वाक्य आहे का? तिसरी सापडली तर पहिल्या दोन तपासायची गरज नाही.

आमच्याकडे आलेल्यांचा हिशेब सांगते. 'सुरी लागली की गाठ पसरते': बायोप्सीमुळे मेंदूतली गाठ अंगभर पसरते असं होत नाही, बायोप्सीत रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, तो खरा, तो सर्जनला विचारा. 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते': गाठ मरत नाही, पेशंट मात्र रोडावतो. 'मोबाईलमुळे झालं': २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना 'कदाचित कॅन्सर होऊ शकतो' या गटात टाकलं होतं खरं, पण २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. पुतण्याने आठवडाभर मोबाईल बंद ठेवला होता, बाबांच्या शेजारी बसून गेम खेळायचो म्हणून. त्या पोराला हे सांगणं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं होतं.

एका गावच्या वैद्याकडेही आम्ही गेलो, लपवत नाही. पिवळी पूड, महिन्याला नऊ हजार. घेऊ नका असं म्हणून कुणी थांबत नाही, म्हणून एवढंच म्हणते: जे काही घ्याल ते डॉक्टरांना सांगून घ्या. काही भस्मांत जड धातू असतात, केमोच्या काळात लिव्हर आणि रक्तपेशींवर आधीच ताण असतो. आणि 'इंग्रजी औषध बंद करा' ही अट घालणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

दुसरं मत

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरवर अविश्वास नव्हे. मेंदूच्या गाठीत पॅथॉलॉजीचं दुसरं मत विशेष कामाचं, कारण स्लाइड पुन्हा बघितल्यावर नाव किंवा ग्रेड बदलू शकते.

सोलापूरकर नेहमी जातात ती ठिकाणं म्हणजे पुणे आणि मुंबई. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. त्यांचं खारघरचं ॲक्ट्रेक केंद्रही लक्षात ठेवा, कधी कधी तपासण्या किंवा उपचार तिकडे असतात. आधी ऑनलाइन नोंदणी करून जा. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते, तिथून परळ जवळ. जाण्याआधीच घरबसल्या मत हवं असेल तर टाटाच्या पुढाकाराने देशभरातली कॅन्सर रुग्णालयं जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यांच्यासोबत 'नव्या' नावाची ऑनलाइन मत देणारी सेवा चालते.

पण सगळेच उपचार मुंबईला करायला हवेत असं नाही. ग्लायोमात रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्याचे पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतं. सहा आठवडे मुंबईत राहणं म्हणजे काय ते राहिलेल्यालाच ठाऊक. योजना टाटाने ठरवून दिली तर रेडिएशन जवळ घेता येईल का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्यापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, टाटाशी त्याचं जुनं नातं आहे, आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.

मुंबईत राहायचं असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड्सची केंद्रं. जागा लगेच मिळेलच असं नाही. दवाखान्याच्या समाजसेवा विभागाचं पत्र घ्या, पहिल्याच दिवशी.

पैसे

ऑपरेशनच्या आधी, पैसे भरायच्या आधी, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. योजना कॅशलेस आहे, मंजुरी आधी घ्यावी लागते. बिल भरून नंतर अर्ज केला तर पैसे परत मिळत नाहीत. आमच्या ओळखीतले दोघे इथेच फसले. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा, स्पेलिंगसकट. 'हॉस्पिटल योजनेत आहे का' एवढं विचारून थांबू नका, 'न्यूरोसर्जरीसाठी आहे का, रेडिएशनसाठी आहे का' असं विचारा. मान्यता विभागाप्रमाणे असते. हेल्पलाइन १५५३८८.

सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात असाल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुठल्या कागदाला कुठला शिक्का लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. विडी कामगार किंवा गिरणीत असाल आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर ते आधी काढा. खाजगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठी दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि मदत थेट दवाखान्याच्या खात्यात जाते, म्हणून डिस्चार्जची वाट न बघता अर्ज करा.

गाठ कॅन्सरची असेल तर रेल्वेत उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

माणसं

'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना काम सांगा. आम्ही फ्रिजवर यादी लावली होती: मंगळवारचा डबा, पोरांची ट्यूशन, रक्तदाते चार, रिपोर्ट आणणे, दुकान उघडणे. म्हणणारे खरे होते, त्यांना काम माहीत नव्हतं इतकंच. भेटायला येणाऱ्यांसाठी संध्याकाळची एक वेळ ठेवा आणि 'आमच्या साडूला पण असंच झालेलं, तो गेला' ही गोष्ट दारातच थांबवायला एक माणूस नेमा. आमच्याकडे ते काम आत्याने आनंदाने केलं.

दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांशी बोलणं फार कामाला येतं, गाठ तीच असेल तर आणखी. अमुक गोळी उपाशीपोटी घेतली की उलटी थांबते का, केस कधी येतात, हे त्यांच्याकडूनच कळतं. गोळी बदलायचा निर्णय मात्र डॉक्टरचा. तुमच्या डॉक्टरांना सांगा की असं एखादं कुटुंब बोलायला तयार असेल तर नंबर द्या.

सांभाळणाऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. गाठ पुढच्या भागात असेल तर पेशंटचा स्वभाव बदलू शकतो. शांत माणूस शिव्या देतो, हिशेबाचा माणूस पैसे उधळतो. वहिनीला वाटायचं की तिचंच काही चुकतंय. गाठीचा परिणाम आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती दवाखान्याच्या जिन्यात बसून अर्धा तास रडली आणि मग चहा मागितला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पेशंटसाठीच आहे असं नाही, तुम्हीही करा.

वेदना, उलट्या, झोप, गिळायला त्रास यासाठी पॅलिएटिव्ह केअर असते. शेवटच्या दिवसांतच घ्यायची असा समज आहे, पण ती उपचारांसोबत पहिल्यापासून घेता येते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र ही सेवा मोफत देतं.

पुढचे स्कॅन

उपचार संपले की ठरलेल्या अंतराने एमआरआय चालू राहतात, आणि प्रत्येकाच्या आधीचा आठवडा घरात वेगळाच असतो. शक्यतो त्याच सेंटरवर करा. जाताना मागच्या सगळ्या सीड्या न्या आणि रिसेप्शनवर सांगा की तुलना करून रिपोर्ट हवा. रेडिएशननंतरच्या काही महिन्यांत स्कॅनवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती उपचारांची सूज निघू शकते, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्या आल्या जिन्यात उभं राहून वाचू नका. पाकीट बंद ठेवून डॉक्टरांकडे न्या. दादाचा पुढचा स्कॅन गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या सोमवारी आहे. फाईल पुतणीने काढून ठेवलीय, नववी सीडी घालायला कप्पा उरलेला नाही, म्हणून नवी आणायची आहे.